कोरडं वजन

९ नोव्हेंबर. आज रेडिएटरमधली हवा काढायची होती. दर हिवाळ्याला हे काम येतं. हीटिंग सुरू केलं की बैठकीतला रेडिएटर खाली गरम, वर गार, आणि पोटात गुरगुर. एक छोटी किल्ली असते. ती बाजूच्या स्क्रूला लावायची, अर्धा फेरा द्यायचा, खाली वाटी धरायची. आधी फुस्स करून हवा निघते, मग खोकल्यासारखं काळं पाणी येतं. पाणी सलग यायला लागलं की किल्ली उलटी फिरवायची. काम सोपं आहे, फक्त गुडघ्यांवर बसावं लागतं. अविनाशला सांगितलं तर तोही करेल. पण आधी तो बाजारात मिळणाऱ्या किल्ल्यांचा अभ्यास करेल आणि तोवर मार्च उजाडेल.

मी वाटी धरून बसलेली असताना मुग्धाचा फोन आला. मुग्धा आमची मुलगी. इथल्याच एनस्खेडेच्या विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकली, आणि गेल्या वर्षीपासून उत्तर नॉर्वेतल्या एका लहानशा गावात, हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या केंद्रात नोकरी करते. डोंगरावर ठिकठिकाणी बर्फ मोजणारी यंत्रं बसवलेली आहेत. हिवाळाभर ती तपासायला, दुरुस्त करायला जायचं हे तिचं काम. जायचं स्नोमोबिलवरून. स्नोमोबिल म्हणजे बर्फावरची मोटरसायकल म्हणा. पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरता पट्टा.

"आई, बाबा आहे का जवळपास?"

"दुकानात गेलाय. कोथिंबीर आणायला."

"मग पटकन ऐक. इथे अजून एक मशीन घेताहेत. या वेळी कुठलं घ्यायचं ते मी ठरवणार आहे. मी एकटी. तुला सांगितलं. त्याला सांगू नकोस."

वाटी कलंडली आणि काळं पाणी गालिच्यावर गेलं. एप्रिलपासून या घरात स्नोमोबिल हा शब्द कुणी काढला नव्हता. मला वाटलं होतं, सुटलो.

आमच्या डीमनमध्ये, या सपाट डच गावात, सगळ्यांत मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. त्यावर सायकलचा गिअर एकाने खाली आणावा लागतो, आणलाच तर. गेल्या हिवाळ्यात इथे बर्फ पडलं ते एकदा. सकाळी पडलं, दुपारपर्यंत त्याचा राखाडी चिखल झाला. तेवढ्यावर ट्राम अडल्या, रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी फिरून गेली, फोनवर सावधानतेचे इशारे आले, आणि शेजारच्या मुलांनी जमेल तेवढं गोळा करून एक गुडघ्याएवढा माणूस केला, ज्यात निम्मी माती होती. आम्ही राहतो ती जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. अशा जागी, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, नोव्हेंबर ते मार्च, उभ्या डोंगरावर चढणाऱ्या स्नोमोबिलचं वजन आणि इंजिन यावर चर्चा चालली होती. रोज. जेवताना, भांडी मशीनमध्ये लावताना, मी दात घासत असताना बाथरूमच्या दाराबाहेरून.

सुरुवात साधी झाली. मुग्धाने व्हिडिओ कॉलवर सहज सांगितलं, केंद्राला नवीन मशीन घ्यायचंय, तीन कंपन्यांची तीन मॉडेलं पुढे आहेत, आणि इथे इंजिन कळणारी मीच असल्यामुळे तुलना करून शिफारस मी करायची आहे. नोकरीला लागून दोन महिने झाले होते. पोरीचा चेहरा फुलला होता. गॉगलच्या कडांचे लाल वळ होते गालांवर, पण त्याखाली फुलला होता. मी म्हणणार होते, शाब्बास. तेवढ्यात अविनाशने हातातली पोळी खाली ठेवली आणि विचारलं, "किती सीसी?"

तिथे शाब्बास राहून गेलं.

आमच्याकडे वस्तू विकत घेत नाहीत, तिचा अभ्यास करतात. पुण्यात नवीन संसार मांडला तेव्हा प्रेशर कुकर घ्यायला तीन दुकानं आणि दोन मावश्या झाल्या होत्या. इथे आल्यावर वॉशिंग मशीन घ्यायला इतके दिवस गेले की मी बेसिनमध्ये कपडे धुऊन मनगट सुजवून घेतलं. पण त्या वस्तू निदान आमच्या घरात येणार होत्या. ही येणार नव्हती. ही आमच्यापासून विमानाने दोन टप्पे दूर, कुणा तिसऱ्याच्या शेडमध्ये उभी राहणार होती. अविनाशला त्याने काही फरक पडला नाही. पाच दिवसांत त्याने वहीत रकाने आखले आणि त्याला तिन्ही मशीनची चेसिस पाठ झाली.

कंपन्यांची नावं मी लिहीत नाही. एकीबद्दल काही लिहिलं तर दुसरीचे भक्त अंगावर येतात. असे भक्त असतात आणि इंटरनेटवर दिवसरात्र जागे असतात, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. घरात आम्ही त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत होतो, वजनाप्रमाणे. थोरलीचं इंजिन फोर-स्ट्रोक: जड, शांत, वर्षानुवर्षं तक्रार न करणारं. धाकटीचं टू-स्ट्रोक: हलकं, चपळ, पण ठरावीक अंतर चाललं की पिस्टन उघडून बघावे लागतात. मधली दोन्हींच्या मधली, त्यामुळे तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. थोरली आणि धाकटी यांच्या वजनातला फरक साधारण एका धडधाकट माणसाएवढा होता.

त्यातही भानगड अशी की कंपन्या जे वजन छापतात ते कोरडं वजन. म्हणजे टाकीत पेट्रोल नाही, ऑइल नाही, इंजिन थंड ठेवायचं पाणी नाही. अशा अवस्थेत मशीन फक्त शोरूममध्ये असतं. खरं चालवायचं तेव्हाचं ते ओलं वजन, आणि ते छापायला कुणी उत्सुक नसतं. शिवाय खाली पट्ट्याजवळ बर्फ थापून बसतो, मागे सामानाची पेटी, फावडं, जास्तीचं पेट्रोल. "हे लोक सरळ फसवतात," असं अविनाश म्हणायचा, आणि असं म्हणायचा की जणू त्याचंच कुणी लग्न ठरवून मोडलं. मी म्हटलं, अरे, विवाहमंडळात फोटो देताना तू कुठला दिला होतास?

खरं सांगायचं तर टू-स्ट्रोक हा शब्द माझ्या अंगात होता, मला तो नव्याने शिकायला लागला नाही. लग्नाआधीपासून अविनाशकडे टू-स्ट्रोक स्कूटर होती. पेट्रोल पंपावर मापाने ऑइल घालून घ्यायचं, सुरू होत नसली की तिला एका अंगावर आडवी करायची, परत सरळ करायची आणि किक मारायची. प्लग काढून तो पँटच्या खिशातल्या पॉलिश पेपरने घासायचा. कुठेही जायला निघालो की त्याच्या बोटांना काळं आणि माझ्या ओढणीला निळ्या धुराचा वास. ती हलकी होती, वळायला झकास होती, आणि कात्रजच्या घाटात अर्ध्या चढावर बंद पडली. दुपारची वेळ. शेजारून ट्रक जाताहेत, प्रत्येक ट्रकचा क्लीनर काहीतरी बोलून जातोय. अविनाश हँडल धरून पुढून ओढत होता, मी मागून ढकलत होते. चालू असताना ज्या स्कूटरचं वजन आम्हाला कधी जाणवलं नव्हतं, ती त्या चढावर म्हशीएवढी झाली. चालू यंत्राला वजन नसतं. वजन असतं ते बंद पडलेल्याला. वजन आणि इंजिन हे दोन वेगळे रकाने नाहीतच, असं मी त्याला गेल्या डिसेंबरात म्हटलं होतं. त्याने ते ऐकलं आणि तिसरा रकाना केला.

डिसेंबरच्या शेवटी मुग्धा आठवडाभर घरी आली. तिचं जाकीट मी दोनदा धुतलं तरी वास गेला नाही, म्हणून बाल्कनीत टांगलं. केंद्रातलं जुनं मशीन टू-स्ट्रोक होतं. सगळ्या बाल्कनीला आमच्या स्कूटरचा वास यायला लागला. मी क्षणभर तिथे उभी होते. अविनाश मागून आला, बाही नाकाला लावून हुंगली आणि म्हणाला, "मिश्रणात ऑइल जास्त पडतंय." मी आत गेले.

त्या आठवड्यात तिने आम्हाला नीट समजावलं होतं. चहा झाल्यावर टेबलावरचा डबा घेतला, त्याला तिरका टॉवेल टेकवून उतार केला आणि बिस्किट घेऊन दाखवलं. "हे मी. आम्ही दोघी जातो नेहमी, मी आणि माझी सहकारी. दोन मशीन. उतार ओलांडायचा तर एकीने ओलांडायचा, दुसरीने अलीकडे थांबून बघत राहायचं."

"दोघींनी बरोबर का नाही?" मी विचारलं.

"बर्फ सुटला तर एकीनेच खाली जावं म्हणून. दुसरी खणायला उरते."

बिस्किट टॉवेलवर मध्यभागी होतं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

"म्हणून उतारावर थांबायचं नसतं," ती म्हणाली. "पटकन पार व्हायचं. जड मशीन मऊ बर्फात रुतलं की तिथेच, उतारावर, खणत बसावं लागतं. मला धाकटी हवी आहे. रुतली तरी आम्ही दोघी मिळून उचलून फिरवू शकतो."

"आणि इंजिन बंद पडलं तर?" अविनाश म्हणाला. "उणे वीसमध्ये? फोनला रेंज नाही?"

"बाबा, इंजिन सहसा बंद पडत नाही. ड्राइव्ह बेल्ट तुटतो. बेल्ट जास्तीचा नेतो आम्ही, दहा मिनिटांत बसतो."

इंजिनाचा जोर मागच्या पट्ट्यापर्यंत नेणाऱ्या या बेल्टचा अविनाशच्या सगळ्या अभ्यासात रकानाच नव्हता. मला वाटलं, आता हा थांबेल. त्याने पेन शोधलं.

मी एका घरपोच शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत ड्यूट्या लावते. नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेली बायको म्हणून या देशात आले, भाषा शिकले, आणि आता कोणती नर्स कुठल्या म्हाताऱ्याकडे किती वाजता जाईल हे माझ्या हातात आहे. आमच्याकडे नियम साधा आहे: ज्याला उचलावं लागतं त्याच्याकडे दोघींनी जायचं. मग ती एक कितीही ताकदवान असो. आणि भरवशाची नर्स म्हणजे कधीच आजारी न पडणारी नव्हे. अशी मला आजवर भेटलेली नाही. भरवशाची म्हणजे आजारी पडली तर सकाळी सहाला कळवणारी. त्यामुळे मुग्धाचं म्हणणं मला बिस्किटासकट कळलं. दोघी आहेत, बेल्ट आहे, फावडं आहे, बघणारी आहे. भीती वाटली नाही असं नाही. पण भीती वाटणं आणि तिच्या कामात हात घालणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं आपलं नाही.

अविनाशचीही भीती मला कळत होती. कात्रजच्या घाटात ओढणारा तोच होता. पण भीती वाटते असं म्हणायला त्याला दोन शब्द पुरले असते. त्याने त्यासाठी चार महिने आणि तीन कंपन्या वापरल्या.

संक्रांतीला आम्ही पंधरा-वीस मराठी घरं भाड्याच्या हॉलमध्ये जमतो. बायकांचं हळदीकुंकू एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला तिळगूळ खात घरकर्जांविषयी बोलतात. या वेळी त्या बाजूला आवाज चढलेला होता. माझ्या मैत्रिणीने, अनघाने, वाण हातात ठेवता ठेवता विचारलं, "अगं, स्नोमोबिल घेताय म्हणे! पार्किंगचं काय केलंत?"

"घेत नाही आहोत."

"मग नवरा असा काय तावातावाने बोलतोय?"

"तसाच बोलतो तो. मिक्सर घेतानाही बोलला होता."

"माझा तर म्हणतोय फोर-स्ट्रोकच घ्या. त्याला गाडी पार्क करता येत नाही, आणि फोर-स्ट्रोकच घ्या म्हणे."

पलीकडे पाच पुरुषांचं मंडळ झालं होतं. त्यातल्या कुणीही स्नोमोबिल पाहिलेलं नव्हतं. एकाने बर्फच फक्त विमानतळावर पाहिलेलं होतं. सगळ्यांची मतं ठाम होती. आणि तिथे, तिळाच्या वडीचा तुकडा तोंडात असताना, कुणीतरी म्हणालं की नॉर्वेत त्याच भागात आपले एक कुलकर्णी आहेत, विद्यापीठात शिकवतात, माझ्या आतेभावाचे मित्र.

मी लांबून बघितलं, अविनाशचा चेहरा बदलला. चौकशीला माणूस मिळाला होता.

आपल्याकडे चौकशीशिवाय काही होत नाही. मुलगा बघायचा, शाळा बघायची, बँकेतली नोकरी बघायची, डॉक्टर बघायचा, आधी आतून कुणीतरी ओळखीचं शोधायचं आणि विचारायचं. यात वाईट काही नाही. पण चौकशीच्या पुढची पायरी म्हणजे शब्द टाकणं, आणि या दोन पायऱ्यांच्या मध्ये कठडा नसतो. कुलकर्णी सज्जन गृहस्थ. त्यांची मुलगी आणि मुग्धाच्या साहेबांची मुलगी एकाच स्कीच्या वर्गात. अविनाशने त्यांना फोन केला, आधी हवामान विचारलं, मग तांदूळ कुठला मिळतो ते विचारलं, आणि मग म्हणाला, "तुमची ओळख आहेच, तर सहज कानावर घाला. थोरल्या कंपनीचं फोर-स्ट्रोक बघा म्हणावं. आमची मुलगी आहे तिथे."

मी त्या वेळी बाजूच्या खोलीत इस्त्री करत होते. हा फोन मला कळला मार्चमध्ये.

मार्चमध्ये फोन आला तेव्हा मुग्धा डचमध्ये बोलत होती. ही पोर काही हवं असलं की मराठीत बोलते, गप्पा मारताना इंग्रजीत आणि रागावली की डचमध्ये. त्यामुळे पहिल्या वाक्याला मी खुर्ची ओढून बसले. झालं होतं असं: सगळ्या केंद्राची बैठक भरली होती. हिने शिफारस मांडली, धाकटीची, कारणांसकट. आणि साहेब, तो बिचारा चांगला माणूस, हसत हसत सगळ्यांसमोर म्हणाला, पण मुग्धाच्या वडिलांना फोर-स्ट्रोक पसंत आहे, आणि वडिलांचं ऐकावं लागतं. सगळे हसले. आणि शेवटी थोरलीच घेतली.

"मी तिथे इंजिनिअर आहे," ती म्हणाली. "कुणाची तरी मुलगी नाही."

अविनाश म्हणाला की त्यांनी गावातल्या गॅरेजला थोरलीच दुरुस्त करता येते म्हणून ती घेतली असेल, हे एक कारण असू शकतं, तू त्यांना विचारलंस का? हे खरंही असेल. पण ही वेळ ते विचारायची नव्हती, हे इस्त्रीच्या टेबलालाही कळलं असतं. तिने फोन ठेवला.

थोरलीचं इंजिन उरलेल्या हिवाळ्यात एकदाही बंद पडलं नाही. हे मला मुग्धानेच मेमध्ये सांगितलं, फक्त मला. "एकदाही नाही, आई. आणि चार वेळा रुतली. त्यातली एक उतारावर. तास गेला खणण्यात. हे त्याला सांगू नकोस, दोन्हीही. पहिलं सांगितलंस तर तो खूश होईल, दुसरं सांगितलंस तर झोपणार नाही."

तेव्हापासून घरात हे असं आहे. रविवारी फोन येतो. अविनाश विचारतो, थंडी किती आहे. ती आकडा सांगते. तो म्हणतो, जपून. ती म्हणते, हो. मग फोन माझ्याकडे. ज्या माणसाला तिच्या मशीनचा एकेक नट माहीत आहे तो तिच्याशी तापमानावर बोलतो, आणि ज्या मुलीने टॉवेलवर बिस्किट ठेवून आम्हाला डोंगर समजावला ती त्याला उणे अकरा म्हणते. उन्हाळ्यात ती आली नाही. कामं होती म्हणाली. उन्हाळ्यात बर्फ मोजायचं काय काम असतं, हे मी विचारलं नाही. आणि आज फोन करून म्हणते, त्याला सांगू नकोस.

मी ओला गालिचा पुसत तिला सांगितलं, "हे बघ, मी या घरातली निरोप्या नाही आणि गुप्तहेरही नाही. तू मला सांगितलंस, मी आज त्याला सांगणार."

"आई! तो परत कुलकर्णीकाकांना फोन करेल."

"नाही करणार."

"कशावरून?"

"मी सांगेन म्हणून."

"त्याने केलाच तर मी इथे तोंड दाखवू शकणार नाही. सिरियसली. या वेळी माझं ऐकतील, फक्त माझं. मला ते हवंय."

मागे कुठेतरी धातूवर धातू आपटल्याचा आवाज येत होता, शेडमधून बोलत असावी. एवढंच तिचं मागणं होतं. तिने ठरवायचं आणि तिने ठरवलं म्हणून ते व्हायचं. मी आमच्या ऑफिसात पहिल्यांदा स्वतःच्या सहीने ड्यूट्या लावल्या त्या दिवशी मला काय वाटलं होतं ते मला चांगलं आठवतं. त्या दिवशी माझ्या वडिलांनी साहेबाला फोन केला असता तर मी त्यांना काय केलं असतं, तेही.

अविनाश कोथिंबीर आणि, कारण नसताना, दोन प्रकारच्या चक्क्याच्या डब्या घेऊन आला. तुलना करायची होती म्हणे. जेवायला बसल्यावर मी सांगून टाकलं.

"मुग्धाचा फोन होता. दुसरं मशीन घेताहेत. ती ठरवणार आहे."

त्याचा घास तोंडाशी थांबला. "कुठली मॉडेलं आहेत?"

"विचारलं नाही. तू कुलकर्ण्यांना फोन करायचा नाहीस."

"मी कशाला करतोय?"

"गेल्या वर्षी कशाला केलास?"

तो पोळीचा तुकडा भाजीत फिरवत राहिला. मग म्हणाला, "नवीन आलंय एक. लहान इंजिनाला टर्बो लावून हलकं केलंय. पण पहिल्या वर्षीचं इंजिन, त्याचा भरवसा काय? तिला विचार, ओलं वजन बघितलंय का."

"तू विचार."

"आणि बेल्ट या वेळी बदललाय त्यांनी. रुंदी वेगळी आहे. जुना जास्तीचा बेल्ट याला बसणार नाही. हे तिला माहीत आहे का विचार."

"अविनाश, तुझ्याकडे फोन आहे."

"माझ्याशी बोलेल का ती?"

हा प्रश्न त्याने मार्चमध्ये विचारला असता तर माझा उन्हाळा सुखात गेला असता. इतक्या महिन्यांत हा माणूस गुपचूप बेल्टच्या रुंदीपर्यंत पोचला होता, आणि एक नंबर लावण्यापर्यंत पोचला नव्हता. मला त्याची दया आली असती, पण त्याने पुढच्या श्वासाला विचारलं, "नाहीतर असं करू का, मी सगळं लिहून तुला देतो, तू तिला—"

"नाही," मी म्हटलं आणि ताटं उचलली.

भांडी लावता लावता माझी चिडचिड दोघांवर सारखीच वाटली गेली. बापाला वाटतं, माहिती दिली की काळजी पोचली. मुलीला वाटतं, माहिती लपवली की आपण मोठे झालो. दोघांनाही दोनशे किलोचं यंत्र चढावर नेता येतं किंवा निदान त्याचं गणित मांडता येतं. आणि मधे मी. मला यातलं काही नको होतं. मला गरम रेडिएटर हवे होते आणि रविवारचा फोन साधा हवा होता. मुग्धाला मेसेज केला: "उद्या कामाला निघण्याआधी फोन करते. उचल. समोर बाबा असेल. जे मला सांगितलंस ते त्याला सांग." तिचं उत्तर डचमध्ये आलं, तीन वाक्यांचं, तिन्हींत नाही हा शब्द होता. मी लिहिलं: "आज ऐकायला मी होते. उद्या तो आहे. फोन त्याच्या हातात देऊन मी बाहेर पडणार." त्यावर उत्तर आलं नाही. म्हणजे उचलेल, असं मी धरलं.

१० नोव्हेंबर. आज सकाळी बाहेर बारीक पाऊस होता, इथला नेहमीचा, जो पडतो आहे की लटकतो आहे ते कळत नाही. अविनाश एक मोजा घालून चहा पीत होता. मी फोन लावला, साखरेच्या डब्याला टेकवून त्याच्या समोर उभा केला. मुग्धा दिसली. मागे काळोखी खिडकी, डोक्यावर लोकरीची टोपी, भुवया जुळलेल्या, अगदी त्याच्यासारख्या. त्याने कप खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"मुग्धा, हे बघ, ओलं वज—"

"बाबा, थांब. आधी माझं ऐक. सगळं. मग तू बोल. आणि कुणालाही फोन करायचा नाही."

मी जेवणाचा डबा घेतला, पिशवी घेतली, रेनपँट काखेत मारली आणि दार ओढून घेतलं. जिन्यात थांबले, कारण रेनपँट तिथेच चढवावी लागते. खाली जागा नसते. आतून मुग्धाचा आवाज येत होता. मराठीत बोलत होती. उतार, बर्फ, मशीन किती खोल रुतलं, तास कसा गेला, सगळं सांगत होती. त्याचा आवाज एकदाही आला नाही. मी दुसरा पाय घातला, चेन ओढली, तरी नाही आला. मग खाली उतरले, सायकल काढली आणि कामाला गेले.